चौऱ्याण्णव नंबरचं गाणं

माझ्या आईने रचलेलं गाणं ब्रिटनच्या पॉप चार्टमध्ये चौऱ्याण्णव नंबरवर आलं. एक आठवडा तिथे राहिलं आणि पुढच्या शुक्रवारी शंभरातून बाहेर पडलं. वरून चौऱ्याण्णव म्हणजे खालून सातवं, पण आमच्या इथल्या, कॅनडातल्या रेजिना शहरातल्या, मराठी लोकांनी खालून मोजायचंच नाही असं ठरवलं होतं. केक आणला, त्यावर ९४ लिहून घेतलं, फोटो काढले. एका फोटोत मीही आहे. हातात कागदी डिश आहे आणि तोंडावर असं हसू आहे की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई आता रडेल नाहीतर ही डिश कोणाला तरी फेकून मारेल. दोन्हींपैकी मी काहीच केलं नाही, याचा मला अजून राग आहे.

या लिखाणात मी कोणाचंही नाव घेणार नाही. ज्यांनी मला फसवलं त्यांचं नाही आणि आईचंही नाही. आईचं नाव त्या गाण्यात होतं. ते तिथून काढलं गेलं. तिथे नसेल तर इथे समजूत म्हणून लिहायची माझी इच्छा नाही.

आई विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या धाकट्या भावाकडे राहते. हा भाऊ दहा महिन्यांचा असताना त्याला ताप भरला. तीन दिवस उतरेना. आई त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, मला बरोबर घेऊन, कारण मला ठेवायला घरी कोणी नव्हतं. मी सहा वर्षांची होते. दारावरच्या माणसाने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उद्या या म्हणाला. आमच्यामागून आलेल्या दोन बाया आत गेल्या. आई दारातून हलली नाही. तिथल्या पायरीवर बसली, पोराला मांडीवर घेतलं आणि गायला लागली. हळू नाही, चांगली मोठ्याने.

उतर तापा उतर, पायरी पायरीनं,
लेकरू माझं निजलं, पदराच्या वाऱ्यानं.

गाणं तिने तिथेच बसून जुळवलं. पाच कडवी झाली तरी कोणी आत बोलावलं नाही. मग तिने सहावं रचलं, आणि ते दाराकडे तोंड करून उभ्याने म्हटलं. कोण ओरडतंय म्हणून डॉक्टर बाहेर आले. भावाला आत घेतलं. आज तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे, शाळेत शिकवतो, आणि तापाचं नाव काढलं की त्याची बायको त्याला चिडवते की यांना औषध नको, गाणं लागतं.

आमच्या वस्तीतल्या बाया गाणी रचायच्या. बारशाची, जयंतीची, रोजच्या भांडणाचीसुद्धा. कोणाकडे वही नव्हती, त्यामुळे गाणं कोणाचं हे सांगायची एकच सोय होती. जिने रचलं तिचं नाव शेवटच्या कडव्यात. दुसऱ्या वस्तीत कोणी ते गाणं म्हटलं तरी तिला ते नाव घ्यावंच लागायचं. वेळ कमी असेल तर मधलं एखादं कडवं सोडायचे, शेवटचं कधीच नाही. शेवटचं सोडलं तर ते गाणं म्हटलं असं नाही, चोरलं असं म्हणायचे. त्या कडव्याला ऐकणाऱ्या बायाही टाळी धरतात. म्हणजे नाव एकटीने नाही, सगळ्यांनी मिळून घ्यायचं. आईचं शेवटचं कडवं तिच्या नावाने सुरू होतं. नाव सोडून लिहायचं तर पुढचं असं आहे:

म्हणे, मी निळ्या निशाणाची लेक,
हक्कानं मागते औषध, मागत नाही भीक.

आता ताई. ताई मूळच्या पुण्याच्या, पण माझ्या कितीतरी आधीपासून इथे रेजिनात. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. विद्यापीठात शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. मी इथे आले तेव्हा नोव्हेंबर होता आणि माझ्या अंगात पुण्या-मुंबईच्या लोकांना थंडी वाजते तेव्हा घालतात तसा स्वेटर होता. ताईंनी मला त्यांचा जुना पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, आणला, बूट आणले, आणि गाडीलाही थंडीत विजेचा प्लग लावून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी इंजिन गोठून बसतं, हे शिकवलं. माझी मुलगी झाली तेव्हा माझी आई येऊ शकली नाही, व्हिसा मिळाला नाही. बाळंतपणाचे लाडू ताईंनी केले. महिनाभर रोज येऊन मुलीला अंघोळ घातली.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. पहिल्या भेटीत मी माझं आडनाव सांगितलं तेव्हा त्यांनी ‘म्हणजे कुठले तुम्ही?’ असं विचारलं नाही. परदेशात भेटलेल्या मराठी माणसाचा हा दुसरा प्रश्न असतो आणि तो गाव कळावं म्हणून विचारलेला नसतो, हे आमच्यासारख्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. ताईंनी विचारलं नाही. मी त्या एका न विचारलेल्या प्रश्नावर अठरा वर्षं जीव टाकला. आजही त्यांच्याबद्दल लिहिताना ‘ताई म्हणाल्या’ असंच हाताला येतं. आदर काढून टाकावा म्हटलं तर व्याकरण साथ देत नाही.

माझा नवरा वीज कंपनीत इंजिनीयर आहे आणि आमच्या लोकांच्या जयंतीचा हॉल, माइक, जेवण, सगळं तोच बघतो. तो म्हणायचा, तुझी ताई आपल्याकडे जयंतीला येते ती जेवण झाल्यावर, भाषणं संपल्यावर. मी त्याला गप्प करायचे. म्हातारं माणूस आहे, इतका वेळ बसवत नसेल, म्हणायचे. त्याच ताई त्यांच्या मंडळाच्या दिवाळीत चार तास खुर्चीवरून उठत नसत, ते मला दिसत होतं. आपल्याला जे नको असतं ते दिसूनही आपण मोजत नाही.

गाण्याचं असं झालं. ताईंची मुलगी ब्रिटनमध्ये असते. आजारी मुलांच्या एका दवाखान्यात ती गाण्याच्या आधाराने उपचार करते. त्या दवाखान्याच्या मदतीसाठी एक गाणं काढायचं ठरलं. वेगवेगळ्या देशांतल्या अंगाया जमवून त्यातली एक निवडायची, मुलांच्या कॉयरकडून साथ करून घ्यायची, आणि लोकांनी ते विकत घ्यावं अशी योजना. ताईंना आईचं गाणं माहीत होतं. माझी मुलगी लहान असताना तापली की मी तेच म्हणायचे आणि ताई शेजारी बसलेल्या असायच्या. तिसरं कडवं त्यांना इतकं आवडायचं की त्या ते स्वतःशी गुणगुणायच्या, ‘चांदणं मी अंथरते, लेकराच्या शेजारी’. त्यांनीच ते आपल्या मुलीला सुचवलं. ब्रिटनच्या लोकांनी ते ऐकलं आणि तेच निवडलं.

मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात, हायवे खात्यात, जिथे मी हिवाळ्यातल्या रस्त्यांचे नकाशे अद्ययावत करते, शेजारच्या टेबलावरच्या बाईला मिठी मारली. तिला काहीच कळलं नाही, पण तिनेही मारली.

रेकॉर्डिंग घरीच करायचं होतं. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात, पार्क्यांच्या मधे उभं राहून. बाहेर उणे चौतीस होतं आणि घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या पंख्याचा आवाज माइकमध्ये येत होता, म्हणून नवऱ्याने फर्नेस बंद केली. तो आणि मुलगी ब्लँकेटं पांघरून सोफ्यावर बसले. प्रत्येक कडवं वेगळं गायचं होतं, वेगळी फाइल करून. शेवटचं कडवं मी सगळ्यात चांगलं गायले. ते म्हणताना कपाटात उभी असूनही मी टाच वर केली होती. माझ्या लक्षात आलं की आई त्या दारात अशीच उभी राहिली होती.

सहा फाइली मी ताईंना पाठवल्या. त्यांच्या मुलीला मराठी जेमतेम कळतं, म्हणून ताई अर्थ लिहून, क्रम लावून पुढे पाठवणार होत्या.

दोन दिवसांनी ताई फॉर्म घेऊन आल्या. फोनवरच होता. माझी सही, पत्ता झाला. मग एक रकाना होता, गाणं कोणी लिहिलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि इथे मी जे केलं ते मला आजही खातं. मी म्हटलं, राहू द्या ताई, नाव गाण्यातच आहे की, शेवटच्या कडव्यात.

का म्हटलं? दोन कारणं. एक तर मला ते खरंच पुरेसं वाटलं. आमच्याकडे नाव असंच लिहितात, गाण्याच्या आत. बाहेर लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि दुसरं, मला भीड वाटली. ताईंनी एवढं सगळं जुळवून आणलं, आणि मी आपल्याच आईचं नाव पुढे पुढे करायचं, ते हावरटपणाचं वाटलं. ताई म्हणाल्या, बरं, मी बघते त्याचं. मी चहा टाकायला उठले.

त्यानंतर दर शनिवारच्या फोनवर आईचा एकच विषय. गाणं कधी येणार. इंग्लंडातली पोरं माह्यं नाव कसं घेतील, त्यांची जीभ वळन का? मी सांगितलं की नाव मी घेतलंय, पोरं फक्त मागे साथ करतील. तिने दोनदा विचारलं, पुरं गाणं घेतलं ना, शेवटलं कडवं घेतलं ना? मी दोन्हीदा हो म्हटलं. भाऊ सांगायचा, तिने सगळ्या वस्तीला निरोप दिलाय, विहारात सांगितलंय, निळ्या काठाची पांढरी साडी इस्त्री करून ठेवलीय. एक्याऐंशी वर्षांची बाई, तिच्या नावाचा उच्चार आजवर रेशनच्या दुकानात आणि मतदानाच्या केंद्रावर सोडून कोणी सरकारी आवाजात केला नव्हता. तिला ते नाव एकदा परक्या देशातून ऐकायचं होतं. तिची एवढीच मागणी होती आणि ती मी मान्य केली होती.

गाणं शुक्रवारी आलं. मी मुद्दाम ऐकलं नाही. आईबरोबरच ऐकायचं ठरवलं होतं. शनिवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडे संध्याकाळी, मी व्हिडिओ लावला. भावाच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या, दहा-बारा बाया बसल्या होत्या, आई मधे खुर्चीवर. भावाने स्पीकर जोडला होता.

खोटं कशाला बोलू, गाणं सुंदर केलं होतं. आधी पियानोचे थोडे सूर, मग माझा आवाज, माझा मलाच ओळखू येईना इतका स्वच्छ. मग मुलांचा कॉयर हळूच मागून आला. आई डोळे मिटून बसली होती. दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं कडवं संपताना बाया सरसावून बसल्या आणि टाळी धरायला सगळ्यांचे हात वर आले. आईचेही. मुलांनी थोडा वेळ नुसताच सूर धरला. मग तो सूर विरत गेला आणि गाणं थांबलं.

हात तसेच वर होते. आई बाजूच्या बाईला म्हणाली, “आता येते.” मग गाण्यांच्या त्या ॲपने आपोआप पुढचं गाणं लावलं आणि कोणी तरी इंग्रज पुरुष गिटारवर सुरू झाला. भावाने घाईने बंद केलं. आईने हात खाली घेतले आणि स्वतःच म्हणाली, “नेट गेलं असन.”

मी म्हटलं, हो आई, नेटच गेलं.

मुलगी माझ्या मागे उभी राहून बघत होती. ती सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिने तिच्या फोनवर गाण्याची माहिती उघडली आणि माझ्यासमोर धरली. गायिका म्हणून माझं नाव होतं. लिहिणाऱ्याच्या जागी एकच शब्द होता, ट्रॅडिशनल. ती म्हणाली, “मॉम, ट्रॅडिशनल मीन्स नोबडी रोट इट, राइट?”

मी ताईंना फोन केला. त्यांचा आवाज लगेच मऊ झाला. म्हणाल्या, अगं, मलाही कालच कळलं, फार वाईट वाटलं, तिकडच्या लोकांचं सगळं तीन मिनिटांच्या हिशेबात चालतं, त्यांनी शेवट कापला, आपलं कोण ऐकतंय तिथे. आणि ट्रॅडिशनलचं म्हणशील तर लोकगीत म्हणजे ट्रॅडिशनलच धरतात गं ते. मी म्हटलं, हो ना, त्यांना काय माहीत. वर मीच त्यांची समजूत काढली, की तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

नवरा दारातला बर्फ शोव्हल करून आत येत होता, बुटांचा बर्फ झटकत त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, “तीनच मिनिटं हवी होती तर मधलं कोणतंही कापता आलं असतं. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, त्यांना नेमकं तेच कसं सापडलं?” मी त्याच्यावर इतकी भडकले की मुलगी खोलीत निघून गेली. तुला माणसांवर विश्वास ठेवताच येत नाही, म्हटलं. तुला सगळीकडे तेच दिसतं, म्हटलं. त्याने ओले मोजे वाळत टाकले. त्या दिवशीचं माझं बोलणं मी नंतर परत घेतलं, पण बोललेलं ते बोललेलंच.

पुढच्या शुक्रवारी चौऱ्याण्णव नंबर आला आणि रविवारी दुपारी ताईंच्या बेसमेंटमध्ये पार्टी झाली. पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, मी वांग्याची भाजी नेली होती. मोठ्या टीव्हीवर ताईंची मुलगी ब्रिटनहून दिसत होती. गुणी मुलगी आहे, लहानपणी माझ्या घरी राहिलेली. सगळ्यांशी बोलून झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं. तिला माझं कौतुक करायचं होतं. म्हणाली, “मावशी, युअर व्हॉइस मेड एव्हरीवन क्राय. फक्त एन्डिंग जरा अचानक वाटलं आम्हाला, म्हणून किड्सचं हमिंग टाकलं. आईने फाइव्ह वर्सेस पाठवले होते ना, तर म्हटलं असंच असेल, ओपन एंडेड.”

मी विचारलं, “पाचच आली होती?”

“हो, फाइव्ह फाइल्स. व्हाय, अजून होतं का?”

मी म्हटलं, नाही, छान झालंय. मग कोणी तरी केक कापा म्हणून ओरडलं. तो फोटो तेव्हाचा आहे.

ताई वर स्वयंपाकघरात होत्या, कॉफी करत. मी वर गेले. पाठमोऱ्या असतानाच त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी वळून विचारलं नाही काय झालं म्हणून. मी म्हटलं, ताई, शेवटची फाइल तुम्ही पाठवलीच नाही.

त्यांनी नाकारलं नाही, एवढं मान्य करते. गॅस बारीक केला, म्हणजे शेगडी विजेचीच आहे, पण आम्ही अजून गॅसच म्हणतो, आणि शांतपणे मला समजावायला लागल्या. मी अठरा वर्षं त्यांच्याकडून समजून घेत आलेच होते.

“अगं, चॅरिटीचं गाणं आहे ते. ‘मागत नाही भीक’ म्हणायचं आणि लोकांकडे पैसे मागायचे, हे कसं दिसलं असतं? आणि ते निळं निशाण. ते काय, कशाचं, कोणाकोणाला एक्स्प्लेन करत बसायचं? उगाच त्यात पॉलिटिक्स आलं असतं. इतकी गोड अंगाई आहे. आता ती सगळ्यांची झाली.”

मी म्हटलं, “मधलं एखादं का नाही गाळलं?”

“मधली कडवी फार सुंदर आहेत गं,” ताई म्हणाल्या.

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी ओट्यावरचा कप उचलून परत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर वाईटपणाचा लवलेश नव्हता, आणि मला तेच सहन झालं नाही. शत्रूने केलं असतं तर मी भांडले असते. ज्या हातांनी माझ्या मुलीला अंघोळ घातली त्याच हातांनी केसाने गळा कापला, आणि वर विचारत होत्या की तुला कॉफीत साखर किती. मला त्या क्षणी पहिली भेट आठवली. त्यांनी ‘कुठले तुम्ही’ असं विचारलं नव्हतं ते माझ्यासाठी नव्हतं. त्यांना त्याचं उत्तर ऐकायचंच नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी मला जवळ केलं ते माझं शेवटचं कडवं सोडून.

मी एवढंच म्हटलं की आईने ते गाणं पैसे मागायला रचलं नव्हतं. मग खाली जाऊन नवऱ्याला चल म्हटलं. दारातल्या बुटांच्या ढिगातून आमचे सहा बूट शोधायला पाच मिनिटं लागली. रागाने निघणाऱ्याची या देशात सोय नाही. गाडी मी चालवायला घेतली आणि प्लग काढायचा विसरले. ताईंच्या गॅरेजमधून आलेली एक्स्टेंशन कॉर्ड निसटून कोपऱ्यापर्यंत आमच्यामागे फरपटत आली. नवऱ्याने उतरून ती गुंडाळून ट्रंकमध्ये टाकली. ती अजून तिथेच आहे. मी परत केलेली नाही आणि ताईंनी मागितलेली नाही.

रात्री... नाही, रात्रीचं काही लिहीत नाही, झोप लागली नाही हे कोणीही ओळखेल. सोमवारी मी ताईंच्या मुलीला सगळं लिहून पाठवलं. तिला खरंच धक्का बसला. तिने माफी मागितली, माझ्या आईच्या नावाची नोंद करून घेण्यासाठी ती अजून धडपडते आहे. पण गाणं आलं, विकलं गेलं, चार्टमधून उतरलं. ज्यांनी विकत घेतलं त्यांच्याकडे पाच कडव्यांचंच आहे. ताईंनी मला एक लांब मेसेज पाठवला. त्यात शेवटी लिहिलं होतं की एवढ्या चांगल्या कामात नावाचा हट्ट धरणं तुला शोभत नाही. तो मी नवऱ्याला वाचून दाखवला. त्याने ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. माझ्यासाठी चहा केला, आलं जास्त घालून.

राहिली आई. दोन शनिवार मी नेटचीच थाप चालू ठेवली. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली की भावाने शाळेतल्या कम्प्युटरवर लावून दाखवलं, तिथलं नेट चांगलं आहे, तरी कडवं येत नाही. आता तिला काय सांगायचं? ताईंचंच वाक्य माझ्या ओठावर आलं होतं, की इंग्रज लोकांनी वेळेसाठी कापलं. सोपं होतं. तिलाही कमी लागलं असतं. पण तेच खोटं मी माझ्या तोंडाने आईला द्यायचं, म्हणजे कापणाऱ्यांत मीही आलेच असते.

मी सगळं सांगितलं. ताईंचं, पाच फाइलींचं, निळ्या निशाणाचं, भीक या शब्दाचं. आई ऐकत होती. भावाने तिच्यासमोर फोन धरला होता, त्याचा अंगठा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता. मला वाटलं ती ताईंना शिव्या देईल. देशील तेवढ्या कमीच, म्हणायची तयारी मी करून ठेवली होती. तिने ताईंबद्दल एक शब्द काढला नाही. अशी माणसं तिने जन्मभर दारादारावर पाहिली होती. तिने विचारलं, “कागदावर कोनं लिवलं हे इचारलं असन ना? तुनं माह्यं नाव काऊन नाही लिवलं?”

नाव गाण्यातच होतं, असं मी सांगायला लागले. ते अर्ध्यातच सोडलं. म्हटलं, “आई, मला भीड वाटली.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी सहा वर्षांची असताना त्या पायरीवर तिचा पदर ओढून मी म्हटलं होतं, चल ना घरी, लोक बघतात. तेव्हा तिने माझ्याकडे असंच पाहिलं होतं.

“त्या दारात मले भीड वाटली असती,” आई म्हणाली, “त आज हा फोन धराले तुहा भाऊ नसता.”

पडदा हलला. भावाने फोन दुसऱ्या हातात घेतला होता, आणि मग बराच वेळ मला फक्त त्यांच्या अंगणातली भिंत दिसत राहिली.